स्वस्त गाडीची उधारी : डॅटसन २४०-झेड आणि एका जीर्णोद्धाराचा हिशोब

आजचा विषय मोटारगाडीचा आहे. पण गाडी कशी चालवायची किंवा कुठली घ्यावी यावर मी बोलणार नाही. एखादी वस्तू स्वस्त असते म्हणजे नेमकं काय असतं, आणि ती जुनी झाल्यावर त्या स्वस्ताईचं काय होतं, हे आपल्याला एका जपानी गाडीच्या इतिहासातून पाहायचंय.

सुरुवात १९९७ पासून करू. त्या सुमारास निस्सान कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेने एक जरा विचित्र उद्योग केला. आपणच पंचवीसेक वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्या तिने शोधून परत विकत घेतल्या. कुणाच्या अंगणात पडलेल्या, कुणाच्या शेडमध्ये धूळ खात असलेल्या. दक्षिण कॅलिफोर्नियात या एकाच मॉडेलमध्ये मुरलेली काही छोटी गॅरेजं होती, त्यांच्याकडून त्या पार सुट्या करून पुन्हा बांधून घेतल्या. आणि मग आपल्याच डीलरांमार्फत, बारा महिन्यांची वॉरंटी देऊन, साधारण २५ हजार डॉलरला विकायला ठेवल्या. बेत २०० गाड्यांचा होता. प्रत्यक्षात चाळीससुद्धा झाल्या नाहीत. एकेका गाडीला विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च यायला लागला आणि काम गुंडाळलं गेलं.

ती गाडी म्हणजे डॅटसन २४०-झेड. १९७० साली अमेरिकेत ती नवी कोरी ३,५२६ डॉलरला मिळत होती. महागाई धरली तर १९९७ चे साधारण साडेचौदा हजार डॉलर. आता बघा, कंपनी तीच, नकाशे तिचेच, सुटे भाग बनवणारी यंत्रणाही तिचीच. नवी गाडी साडेचौदा हजारांत देऊन जिने नफा कमावला, तिला तीच गाडी नुसती पूर्ववत करायला पंचवीस हजारही पुरेनात. असं का व्हावं? माझ्या मते या प्रश्नाच्या उत्तरात जपानच्या युद्धोत्तर इतिहासाचा बराच भाग येतो.

थोडं मागे जाऊ. युताका कातायामा हे नाव मोटारींच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. जन्म १९०९ चा. १९३५ मध्ये ते निस्सानमध्ये लागले, काम प्रसिद्धी खात्यातलं. १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या मोबिलगॅस शर्यतीत डॅटसन २१० गाड्या उतरवून त्यांनी आपल्या गटात पहिला नंबर आणला. १९६० मध्ये कंपनीने त्यांना अमेरिकेला पाठवलं. ही बढती होती की गैरसोयीचा माणूस लांब ठेवायची सोय, यावर अभ्यासकांमध्ये मतं आहेत. मला दुसरी शक्यता जास्त पटते. वरिष्ठांना जे ऐकायचं नसतं ते सांगणारी माणसं कचेरीत फार दिवस टिकत नाहीत, आपल्याकडेही नाही.

तेव्हा अमेरिकेत जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी ख्याती होती. कातायामांचं म्हणणं असं की इथल्या तरुणाला जग्वार किंवा पोर्शे हवीय, खिशात तेवढे पैसे नाहीत. त्याला तशीच दिसणारी, तशीच पळणारी, पण रोज सकाळी चालू होणारी गाडी द्या. जपानमध्ये योशिहिको मात्सुओ यांच्या हाताखालच्या छोट्या गटाने तिचा आकार रेखाटला. लांब बोनेट, मागे उतरत जाणारं छप्पर, दोनच माणसांची बैठक. इंजिन २,३९३ सीसीचं, सहा सिलिंडरचं. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. वजन हजार किलोच्या जरासं वर. जपानमध्ये तिचं नाव 'फेअरलेडी झेड' ठेवलं, कारण कंपनीच्या अध्यक्षांना 'माय फेअर लेडी' हे संगीतक फार आवडलेलं. कातायामांना ते नाव अमेरिकेत चालेलसं वाटेना. पहिल्या गाड्या बंदरावर उतरल्यावर त्यांनी नावाच्या पट्ट्या उपटून '२४०-झेड' लावायला सांगितलं, असं म्हणतात.

ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूयॉर्कला गाडी दाखवली गेली. पुढची गोष्ट सगळ्या यशोगाथांसारखी आहे, त्यात फार वेळ घालवत नाही. वेटिंग लिस्ट लागली, डीलर छापील किमतीवर पैसे मागू लागले. या मालिकेतल्या गाड्या १९७८ पर्यंत पाच लाखांहून जास्त बनल्या.

आता त्या ३,५२६ डॉलरकडे या. ही किंमत कुठून आली? अभियंत्यांचं कौशल्य होतंच, पण फक्त तेवढंच नव्हतं. १९४९ पासून एका डॉलरला ३६० येन हा दर बांधलेला होता. जपान त्या काळात कुठल्या कुठे पोचला, पण दर हलला नाही. म्हणजे हिरात्सुकाच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या कामगाराचे श्रम डॉलरमध्ये मोजले की फार स्वस्त पडायचे. ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि वर्षअखेर दर ३०८ वर आला. १९९७ मध्ये तो १२० च्या आसपास होता. थोडक्यात, २४०-झेड बाजारात आली ती त्या जुन्या दराच्या अगदी शेवटच्या दोन वर्षांत.

दुसरी गोष्ट पत्र्याची. गाडी हलकी आणि स्वस्त ठेवायची तर पत्रा पातळ हवा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्या काळात अशा गाडीच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा नसायचा. शिवाय आकार असा की पाणी आत शिरून बसेल अशा बंद पोकळ्या जागोजागी. कॅलिफोर्नियाच्या उन्हात हे चाललं. पण अमेरिकेच्या ईशान्येला हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या कित्येक गाड्या दहा वर्षंही नीट टिकल्या नाहीत. कंपनीने हे दुष्टपणाने केलं असं माझं म्हणणं नाही. दहा वर्षांनंतर या गाडीचं काय होईल, हा प्रश्न त्या काळात कोणताच कारखाना स्वतःला विचारत नव्हता. डेट्रॉइटवालेही नाही, इंग्रज तर मुळीच नाहीत.

पण गाडीचं खरं दुर्दैव गंजाच्या आधीच सुरू होतं. कुठल्याही यंत्राच्या आयुष्यात एक मधलं वय असतं. नवं असताना कौतुक होतं, फार जुनं झालं की पुन्हा कौतुक होतं, आणि मधली पंधरा-वीस वर्षं त्याला कुणी विचारत नाही. १९७३ नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले, वेगळ्या घडणीचे कार्बोरेटर आले. मालक वैतागून ते काढायचे आणि आधीच्या गाडीचे गोल माथ्याचे बसवायचे. मग २६०, मग फ्युएल इंजेक्शनची २८०. जुनी २४० ही कॉलेजातल्या पोराची गाडी झाली. कुणी त्यात शेव्हरोलेचं व्ही-८ इंजिन कोंबलं, कुणी रुंद मडगार्डं लावली, कुणी गॅसकेट गेलं म्हणून झाडाखाली उभी केली ती केलीच. आज रिस्टोरेशनसाठी जी गाडी सापडते ती बहुतेक वेळा अशी मधल्या वयात मार खाल्लेली असते.

समजा, अशी पडून असलेली एक गाडी तुम्ही बघायला गेलात. जाणकार माणूस आधी रंग बघत नाही, आणि इंजिनही बघत नाही. ते इंजिन दणकट आहे, वर्षानुवर्षं बंद असलं तरी बऱ्याचदा उठतं. तो आधी बोनेट उघडून बॅटरीखालचा ट्रे बघतो. बॅटरीतून ॲसिड ओघळतं, खालचा पत्रा खातं आणि तिथून पाणी थेट आतल्या तळाकडे जातं. मग मॅट उचलायचं. तळाच्या पत्र्यावर आवाज दाबण्यासाठी डांबराचे थर चिकटवलेले असतात. ते वरून शाबूत दिसतात आणि त्यांच्याखाली ओल धरून पत्रा चाळणी झालेला असतो. दाराखालचा उंबरा, दारामागे चाकाच्या पुढचा कोपरा, डिकीत स्टेपनीची खोलगट जागा आणि तळाखालून जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्या, या सगळ्यांवरून हात फिरवायचा, आणि जोडीला चुंबक. चुंबक चिकटला नाही तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. चकचकीत नव्या रंगाच्या गाडीपेक्षा उघड गंजलेली गाडी बरी असं या धंद्यातली माणसं म्हणतात, कारण दुसरी निदान खोटं बोलत नाही.

गाडी घेतली की कामाला सुरुवात. ते डांबराचे थर खरवडून निघता निघत नाहीत. मग लोक त्यावर कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड पसरतात. थर कडक होतो, हातोडी मारली की तुकडे उडतात. मागच्या सस्पेन्शनमध्ये खालच्या आर्ममधून आरपार जाणारी एक लांब पिन आहे, तिला स्पिंडल पिन म्हणतात. कारखान्यात ती बसवणं सोपं काम होतं. पंचवीस वर्षांनी ती गंजून आतल्या नळीशी एकजीव झालेली असते. तेल पाजा, तापवा, ठोका, प्रेसमध्ये घाला. बरेच जण शेवटी करवतीने कापून काढतात आणि नवी घालतात. या एका पिनेवर एक अख्खा शनिवार-रविवार गेल्याच्या तक्रारी या गाडीच्या मालकांमध्ये जितक्या ऐकू येतात तितक्या इंजिनाच्याही येत नाहीत.

या पिनेचा मुद्दाम उल्लेख केला, कारण आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. कारखान्यात गाडी बांधायची म्हणजे एकच क्रिया हजारो वेळा करायची. प्रत्येक वेळी तेच माप, तोच साचा. रिस्टोरेशनमध्ये आधी गाडी उलट्या दिशेने सोडवावी लागते, आणि उलटी दिशा कुणी आखलेलीच नसते. शिवाय कुठल्याही दोन गाड्या सारख्या गंजलेल्या नसतात. एकीचा तळ गेलेला, दुसरीला मागून ठोकलेलं, तिसरीच्या वायरिंगमध्ये आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते त्यालाच माहीत. साच्याचा इथे उपयोग नाही. दर वेळी एक माणूस, त्याचे हात, आणि अमेरिकेतला तासाचा दर. १९७० ची किंमत ज्या दोन गोष्टींवर उभी होती, तो ३६० चा दर आणि लाखांनी होणारं उत्पादन, त्या दोन्ही १९९७ मध्ये नव्हत्या. तेव्हा न दिलेले पैसे आता द्यायची वेळ आली होती. ग्राहकाने दिले नाहीत, म्हणून काही काळ कंपनीने सोसले, आणि मग थांबली.

कंपनी या फंदात पडलीच का? कारण तिची अवस्था वाईट होती. १९९६ मध्ये अमेरिकेत झेड गाडीची विक्री थांबली होती, डॅटसन हे नाव आधीच्या दशकातच पुसलं गेलं होतं, कर्ज वाढत होतं. शोरूममध्ये बघावंसं काही उरलं नव्हतं, म्हणून जुनी पुण्याई बाहेर काढली. मार्च १९९९ मध्ये फ्रान्सच्या रेनॉने निस्सानचा ३६.८ टक्के हिस्सा घेतला, आणि कार्लोस घोन आल्यानंतर २००२ मध्ये ३५०-झेड नावाने ही गाडी पुन्हा जन्माला आली. धंदा म्हणून तो जीर्णोद्धार फसला. पण या नावाला अजून माणसं जीव लावतात, हे कंपनीला त्यातून दिसलं असणार. कातायामा १९७७ मध्येच निवृत्त होऊन जपानला परतले होते, मायदेशी फारसा मान न मिळता. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. २०१५ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी ते गेले.

जीर्णोद्धार हा शब्द मी सहज वापरला. आपल्याकडे तो देवळांचा शब्द. आणि देवळांचं आपण काय करतो ते तुम्ही पाहिलंय. यादवकालीन दगडाला ऑइलपेंट फासतो, गाभाऱ्यात टाइल्स बसवतो आणि वर देणगीदारांची पाटी. श्रद्धा खरी असते, पण दगड जातो. गाड्यांमध्येही हा वाद आहे. १९७० आणि १९७१ च्या अगदी सुरुवातीच्या २४०-झेडला मागच्या दारावर हवा बाहेर जाण्यासाठी दोन जाळ्या होत्या. त्यातून एक्झॉस्टचा वास आत यायचा, म्हणून कंपनीने त्या तिथून काढून बाजूच्या खांबावर नेल्या. म्हणजे ती चूक होती, आणि सुधारली गेली. आज त्याच जाळ्या असलेल्या गाडीला जास्त पैसे पडतात, कारण त्यावरून ती पहिल्या खेपेची आहे हे ओळखू येतं! जानेवारी २०२० मध्ये १९७१ ची एक २४०-झेड इंटरनेटवरच्या लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. ती काही कुणी नव्याने घडवलेली नव्हती. फार कमी चाललेली, मूळ अवस्थेत राहिलेली गाडी होती. इतकी वर्षं हात न लागलेली गाडी, आणि तिला सगळ्यांत जास्त मोल. ज्यांनी हजारो तास घालून गाडी उभी केली त्यांना हे ऐकून काय वाटत असेल!

याहून अवघड प्रश्न शर्यतीच्या गाडीचा. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली १९७१ मध्ये एडगर हेरमन आणि हान्स शुलर यांनी २४०-झेडमधून जिंकली. दुसरा नंबरही २४०-झेडचाच, चालक शेखर मेहता. हे नाव आपल्याकडे माहीत असायला हवं होतं. युगांडातल्या भारतीय वंशाच्या घरातला हा माणूस. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं, मेहता केनियात आले, आणि पुढच्याच वर्षी २४०-झेडमधून सफारी जिंकले. १९७९ ते १९८२ सलग चार वेळा, म्हणजे एकूण पाचदा. तर, १९७१ ची ती विजेती गाडी निस्सानमधल्याच कर्मचाऱ्यांच्या जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या क्लबने २०१३ मध्ये हातात घेतली आणि पुन्हा चालती केली. अशा गाडीवरचा पोचा ठोकून सरळ करायचा का? सामान्य गाडीवर पोचा म्हणजे नुकसान. इथे तो आफ्रिकेतल्या कुठल्या तरी दगडाचा दाखला आहे. माझं मत विचाराल तर यंत्र चालतं करावं आणि पोचा ठेवावा. पण पूर्ण गुळगुळीत गाडीच आवडणारी माणसंही पुष्कळ आहेत आणि पैसे त्यांचे असतात.

जपानमध्ये या गाड्यांचं काय झालं, हेही सांगायला हवं. तिथे शाकेन नावाची सक्तीची तपासणी आहे, खर्चीक आणि काटेकोर. १९९५ पर्यंत दहा वर्षांवरच्या खासगी गाडीला ती दरवर्षी करावी लागे. आता दोन वर्षांनी. आणि पेट्रोल गाडीला १३ वर्षं झाली की कर वाढतो. म्हणजे कायदाच गाडीला मधल्या वयात गाठतो. परवडेना की लोक गाडी निर्यात करतात, भंगारात देतात, नाहीतर शेताच्या कडेला सोडून देतात. अशा गवतात बुडालेल्या गाड्यांना तिथले शौकीन 'कुसाहीरो' म्हणतात. कुसा म्हणजे गवत. गवतातला हीरो! त्यांचे फोटो काढत फिरणारी माणसं आहेत. अलीकडे कंपन्यांनाही जाग आली. माझदाने आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टर स्वतः रिस्टोर करून द्यायला सुरुवात केली. निस्सानने २०१७ च्या अखेरीपासून जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटाने २०२० मध्ये सुप्राचे. यावेळी मात्र कंपन्यांनी शहाणपणा केला. स्वस्तात देण्याचं सोंग आणलं नाही.

श्रोत्यांमधून हमखास विचारलं जातं, की आपल्याकडे काय? २४०-झेड आपल्याकडे विकली गेली नाही. पण निस्सानचं यंत्र मात्र मुंबईत होतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची १९८५ ची ११८-एनई आठवते? वरचं अंग फियाटचं, आतलं इंजिन निस्सानचं, ए-१२. आता त्या गाड्या शोधाव्या लागतात. आणि डिसेंबर १९८३ ची मारुती ८००, म्हणजे मुळात सुझुकी. तिची पहिली चावी इंदिरा गांधींनी दिली होती. तीच पहिली गाडी पुढे दिल्लीत घराबाहेर गंजत उभी होती. नंतर कंपनीने ती पूर्ववत करून आपल्या मुख्यालयात ठेवली. पण ती पहिली होती म्हणून. दुसरी, तिसरी, दहा हजारावी गेली.

आपल्या कायद्यातलं मधलं वय तर जपानपेक्षाही लांब आहे. पंधरा वर्षं झाली की महाराष्ट्रात नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, दिल्लीत तर पेट्रोल गाडी रस्त्यावर आणण्याचीच अडचण. आणि केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद मिळते ती पन्नाशीनंतर. पंधरा ते पन्नास, ही पस्तीस वर्षं मालकाने स्वतःच्या हिमतीवर काढायची. १९७१ ची गाडी ती वर्षं पार करून आली आहे. पहिल्या वर्षीची मारुती ८०० पन्नास वर्षांची होईल २०३३ मध्ये, आणि तिचे सुटे भाग आजही पेठेतल्या दुकानात मिळतात, तेही स्वस्त. कुणाच्या चाळीच्या मागे एखादी उभी असेल तर तळाचं मॅट उचलून बघा. इथे थांबतो, आता प्रश्न घेऊ.